गरम करून ठेवलेली गाडी

सायलेन्सरच्या तोंडाशी पाण्याचा थेंब लोंबत होता. प्लग उघडायचा पाना हातातून निसटून गाडीखाली गेला म्हणून मी गुडघ्यांवर बसलो, आणि तो थेंब माझ्या डोळ्यांदेखत खाली पडला. फरशीवर काळसर ओला डाग होता. मी नळीला बोट लावलं. नळी कोमट होती. बाहेर अशी थंडी की तोंडातून वाफ निघत होती. शेडचा पत्रा गार, पाना गार, माझं नाक गार, आणि रात्रभर जागेवर उभ्या असलेल्या गाडीचा सायलेन्सर मात्र कोमट. मी अजून किल्लीसुद्धा लावली नव्हती.

आधी वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलंय. दोनेक महिने एखाद्या यंत्राशी डोकं आपटत बसलं की माणसाला स्वतःचीही शंका यायला लागते. कदाचित मीच मघाशी येऊन किल्ली फिरवून गेलो असेन आणि विसरलो असेन. मी पुन्हा बोट लावलं. कोमटच. दोन महिने रोज सकाळी तेच चाललं होतं. दार उघडलं की पेट्रोलचा वास. किल्ली फिरवली की इंजिन गरागरा फिरतं, नको तितकं हलकं, चेन पडलेल्या सायकलचं पेडल फिरावं तसं, आणि पकडत काही नाही. साध्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. आमच्या या बाईसाहेबांच्या पोटात तिकोनी रोटर गोल फिरतात. त्यांच्या कोपऱ्यांना बारीक पट्ट्या असतात आणि पट्ट्यांवर तेलाचा पातळ थर. गार इंजिनाला सुरू होताना जास्तीचं पेट्रोल मिळतं. ते जळलं नाही तर तोच थर धुऊन टाकतं, पट्ट्या कोरड्या पडतात, आत हवा दाबली जात नाही, प्लग भिजतात, आणि मग बसा बोंबलत. याला गाडी फ्लड होणं म्हणतात. मग पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा फ्यूज काढा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, आणि आतलं पेट्रोल उडून जाईपर्यंत स्टार्टर मारत राहा. तेवढ्यानं भागलं नाही तर प्लग काढा, पुसा, आत थोडं तेल सोडा, पुन्हा बसवा. तोवर बॅटरीनं मान टाकलेली असते, ऑफिसला उशीर झालेला असतो आणि हातांना जो वास लागतो तो साबणाच्या बापाला जात नाही. माझं काम श्रवणयंत्रं बसवायचं, म्हणजे दिवसभर लोकांच्या कानांशी हात. परवा एक बाई यंत्र बसवून घेता घेता म्हणाली, ‘तुम्ही पेट्रोलपंपावर पण काम करता का हो?’ मी हसलो. हसलो कसला, दात दाखवले.

आणि काय करायचं बाकी ठेवलं होतं मी? प्लग बदलले. कॉइल बदलल्या. इंजिन आहे त्याहून गार आहे असं समजून गाडी जास्तीचं पेट्रोल ओतत असेल म्हणून तापमानाचा सेन्सर बदलला. स्टार्टरचा जोर कमी पडत असेल म्हणून तो बदलला. मग वाटलं, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर रात्रभर गळत असतील, म्हणून सकाळी आधीच वास येतो. तर तेही काढून धुऊन आणले. प्रत्येक वेळी मनात म्हणायचं, हेच असणार, शंभर टक्के हेच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गरागरा. मिस्त्रीनं गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली, तर तिथे रोज सकाळी पहिल्या फटक्यात सुरू. डॉक्टरकडे नेलं की पोराचा खोकला थांबतो ना, तसं. मिस्त्री माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी गाडीची खोटी तक्रार करतोय. एकदा त्यानं विचारलं, ‘साहेब, सुरू करून लगेच बंद तर करत नाही ना? गार असताना?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, या गाडीचा एवढा एकच नियम आहे, आणि तो मी देवाच्या नेमासारखा पाळतो. एकदा सुरू केली की गरम होईपर्यंत बंद करायची नाही. शेजाऱ्याला वाट द्यायला दोन हात पुढे घ्यायची असली तरी मी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलतो. कंबर धरते, पण ढकलतो. हे मी मिस्त्रीला जरा चढ्या आवाजात सांगितलं. तो म्हणाला, ‘मग आता इंजिन उघडूनच बघावं लागेल.’ ज्याला काही कळत नाही तो उघडायच्या गोष्टी करतो. पण माझ्याही हातात दुसरं काही उरलं नव्हतं. शनिवारी गाडी उघडायला द्यायची ठरली होती.

मी तसाच गुडघ्यांवर बसून होतो. कोणी? चोर नाही, चोर गाडी सुरू करून पुन्हा बंद करून घरी जात नाही. बायको गाडी चालवत नाही. तिला ही गाडी म्हणजे माझी सवत वाटते आणि तसं ती बोलूनही दाखवते. दुसरी किल्ली स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर असते. त्या खिळ्यापर्यंत मन गेलं आणि तिथेच अडखळलं, कारण खिळ्याच्या खालीच आप्पांची खुर्ची आहे. सासूबाई गेल्यावर बायकोनं आप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, इकडे आणलं. आणलं म्हणजे अक्षरशः उचलून आणलं. तिकडे धक्क्याजवळच्या त्यांच्या घरात त्यांनी जेवणच सोडलं होतं. इथे आल्यावर फरक एवढाच पडला की भिंत बदलली. तिकडच्या भिंतीकडे तोंड करून पडायचे ते इकडच्या भिंतीकडे. दाढी वाढलेली, अंगाला वास, दुपारचा चहा संध्याकाळपर्यंत तसाच साय धरून. विचारलं की एकच वाक्य, ‘मला परत पोचवा.’ बायको बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. मला ते ऐकू येत असे. ऐकणं हा माझा धंदाच आहे. आणि मग दोनेक महिन्यांपूर्वी एका सकाळी ते उठले. स्वतःहून. दाढी केली, तीही नीट, गळ्यापर्यंत. बायकोनं मला हलवून जागं केलं आणि झोपताना कानात घालतो ते बोळे काढायला लावून सांगितलं, ‘आप्पा उठलेत. चहा घेऊन खाली गेलेत.’ तेव्हापासून रोज उठत होते. जेवत होते. भाजी खारट झाली असं म्हणायला लागले होते. डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांना मी श्रेय देऊन मोकळा झालो होतो. दोन महिने. मी सायलेन्सरकडे बघत मनातल्या मनात दोन्ही बाजूंचे दोन महिने एकमेकांवर ठेवून पाहिले. काठाला काठ जुळला.

आप्पांनी जन्मभर लाँचवर इंजिन सांभाळलं. माणसं या तीरावरून त्या तीरावर नेणारी लाँच. वर सारंग सुकाणू धरून आणि खाली पोटात आप्पा. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला चहापाणी विचारायच्या आधी खाली नेलं होतं. लोखंडी शिडी, तेलकट अंधार, आणि असा आवाज की दात हलावेत. माझा हात धरून त्यांनी इंजिनावर ठेवला आणि कानाशी ओरडून काहीतरी सांगितलं. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण मान डोलावली, आणि त्यांनी वर येऊन हिच्या आईला सांगितलं, मुलगा चांगला आहे. त्यांची सकाळची एक रीत होती, ती हिच्याकडून अनेकदा ऐकलेली. उतारू येण्याच्या कितीतरी आधी, अंधारातच, खाली उतरायचं, इंजिन सुरू करायचं, हात ठेवून बघायचं, चार मिनिटं फिरवून बंद करायचं. तेल फुकट जाळायचं नाही. मग सारंग येऊन उभा राहिला की अर्ध्या फेऱ्यात इंजिन हुंकार देणार. ‘आमचा सारंग कधी खोळंबला नाही,’ हे त्यांचं अभिमानाचं वाक्य. त्या इंजिनानं त्यांचे कान नेले. आणि गंमत बघा, श्रवणयंत्रवाल्याचा सासरा जवळजवळ ठार बहिरा. चार वेळा माप घेऊन यंत्र बनवलं. चार वेळा डबीत घालून कपाटात. ‘आता ऐकण्यासारखं काय राहिलंय, जावईबापू?’ त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आणि ओरडून माणूस किती बोलणार? ‘जेवलात?’ ‘पाणी तापलंय!’ ‘गोळी घेतली?’ ओरडता येण्यासारखं तेवढं आम्ही बोलतो. बाकीचं राहूनच जातं. रोटर, पट्ट्या, तेलाचा थर, गार इंजिन बंद करायचं नाही, हे एवढं पुराण शेजारपाजार गोळा होईल अशा आवाजात कोण सांगणार? बायकोला सांगितलं होतं, मिस्त्रीला सांगितलं होतं, शेजाऱ्याला सांगितलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं.

मी वर गेलो. बायको डबे भरत होती. खिळ्यावर किल्ली होती. मी विचारलं, ‘आप्पा सकाळी गाडी सुरू करतात?’

‘हो, तुझ्यासाठी गरम करून ठेवतात,’ ती डब्यातून डोकं वर न काढता म्हणाली. ‘तुला माहीत नव्हतं?’

‘मला कसं माहीत असणार? बोळे घालून झोपलेला असतो मी! आणि तू दोन महिने बघतेयस, मी खाली मरतोय, आणि एका शब्दानं बोलली नाहीस?’

‘अरे, पण ते गरम करतात! गरम केल्यानं कुठे गाडी बिघडते? मला वाटलं, त्यांनी केलं नसतं तर आणखी त्रास दिला असता तिनं.’ मग माझं तोंड बघून तिनं झाकण खाली ठेवलं. ‘त्याच्यामुळे होतंय?’

‘हो. चार मिनिटांत ती कुठे गरम होतेय? गार असतानाच बंद होते.’ ती स्टुलावर बसली. मग अगदी हळू म्हणाली, ‘त्यांना ओरडू नकोस हं. तुझ्या पाया पडते. तेवढ्यासाठी उठतात रे ते. हे गेलं तर पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करतील आणि मग मी त्यांना उठवू शकणार नाही. मला माहीत आहे मी उठवू शकणार नाही.’

‘ओरडत कुठे,’ मी म्हटलं. ‘साधं सांगतो. बंद करू नका म्हणावं. चालूच राहू द्या, मी खाली येईपर्यंत.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘मग हे फार सोपं आहे,’ ती म्हणाली आणि हसली. दोन महिन्यांतलं सगळ्यात मोकळं हसली असेल.

जिना उतरताना मी वाक्य तयार केलं. आप्पा, तुम्ही गाडी गरम करता ते फार छान, फक्त बंद करू नका. आधी छान, मग फक्त. चांगलं वाक्य होतं. खाली आप्पा आलेच होते, बहुतेक अंगणातून चक्कर मारून. स्वेटर, कानटोपी, हातात पिवळं फडकं. बॉनेट पुसत होते. मला बघून त्यांनी बॉनेटवर तळहात थापटला. ‘तयार आहे!’ बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. ‘मारा स्टार्टर!’

आता तेव्हाच सांगायचं होतं. पण घड्याळात बघितलं तर एका म्हाताऱ्या शिक्षकांची वेळ दिलेली, ते एव्हाना माझ्या दारात येऊन बसले असणार. म्हटलं, आधी गाडी काढू. फ्यूज काढला, पाय तळाला दाबला, किल्ली फिरवली. गरागरा, गरागरा. आप्पा खिडकीशी वाकले. ‘चोक ओढा!’ या गाडीला चोक नाही. मी मानेनं नाही म्हटलं. गरागरा. प्लग काढायचे तर पाना अजून गाडीखालीच. मी खाली पडून पाना काढला, शर्टाला तो काळा डाग लागला, पहिला प्लग उघडला, ओला चिंब. पुसला, बसवला. बोटांची सालटं निघाली. आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या कानाला लागत होती. ‘पाय हळू द्या! घाई करता तुम्ही! इंजिनाला घाई चालत नाही!’ पुन्हा गरागरा. बॅटरी दमत चालल्याचं कळत होतं, आवाज जड होत चालला होता. ‘मी बघू?’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी दाराला हात घातला. ‘उतरा. मी सकाळीच केली होती, लगेच लागली माझ्या हाताला.’

माझ्या हाताला! माझ्या डोक्यात दोन महिने उसळले. ‘तुमच्याच हातानं तर वाट लागलीय!’ मी ओरडलो. त्यांनी कानाशी हात नेला. ‘काय?’ मग मी आणखी ओरडलो. हळू सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगितलेलं काहीच गोड राहत नाही. ‘तुम्ही! तुम्ही रोज सुरू करून बंद करता! म्हणून बिघडते! तुमच्यामुळे! हात लावू नका गाडीला!’ तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ‘छान’ राहिलं, ‘फक्त’ राहिलं, चालू ठेवा हे तर तोंडातून निघालंच नाही. समोरच्या घराची खिडकी उघडली. वर जिन्यात पावलं वाजली आणि मधेच थांबली. आप्पांनी माझ्या ओठांकडे बघितलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ‘असं होय,’ ते म्हणाले, प्रथमच लहान आवाजात. ‘मग आधी सांगायचं की हो.’ त्यांनी फडक्याची घडी घातली, बॉनेटवर ठेवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिथून उचलून शेडच्या खिडकीच्या काठावर ठेवली, आणि जिन्याकडे गेले.

मी बसनं गेलो. शिक्षक निघून गेले होते. दिवसभर बंद खोलीत मी लोकांच्या कानांत शिट्ट्या वाजवल्या. ऐकू आलं की बोट वर करायचं. माणसं डोळे मिटून, जीव कानात आणून बसतात, आणि नुसत्या भासालाही बोट वर करतात. एरवी मला त्याचं हसू येतं. मी सतत मनात तेच वाक्य घोळवत होतो, आता तरी संध्याकाळी नीट म्हणायचं म्हणून. आणि रागही येत होता, तो गेलाच नव्हता. अरे, चूक काय होती माझी? मी विचारलं होतं का गरम करून ठेवा म्हणून? खरंच तर सांगितलं. दुसरा कोणी असता तर पहिल्याच आठवड्यात झिंज्या उपटून घेतल्या असत्या. असं स्वतःशी भांडत घरी आलो तर बायकोनं दार उघडलं आणि बाजूला झाली. आप्पांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं: गाडी तुम्हीच गरम करा, फक्त बंद करू नका. त्यांनी चष्मा मागितला नाही. कागद हातात घेतला, उलटा की सुलटा तेही न बघता उशाशी ठेवला आणि म्हणाले, ‘नको, नको. तुमचं ते यंत्र वेगळं आहे. मला त्यातलं काही कळत नाही.’ मग भिंतीकडे वळले. ‘मला परत पोचवा,’ भिंतीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोळे न घालता जागाच होतो. दाढीच्या वाटीचा आवाज आला नाही. जिना वाजला नाही. मी खाली गेलो. रात्री बॅटरी चार्ज करून लावली होती, प्लग सुकवून घातले होते. शेडमध्ये पेट्रोलचा वास नव्हता. सायलेन्सर गार होता, बर्फासारखा. मी बसलो आणि किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली. अर्ध्या फेऱ्यात. मोकळा, गोल, एकसारखा आवाज, काटा जिथे हवा तिथे. मी दोन महिने ज्या आवाजासाठी तडफडलो, मिस्त्रीच्या शिव्या खाल्ल्या, बोटं सोलून घेतली, तो आवाज. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो आणि मला इतकं भयानक वाटलं की काय सांगू. वर बायको खिडकीत आली होती. तिनं आवाज ऐकला, गाडीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. आत बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

मग मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गार असताना. मुद्दाम. ज्याच्यासाठी कंबर मोडेपर्यंत गाडी ढकलली ते स्वतःच्या हातानं केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. तिसऱ्यांदा ती गरागरा फिरली आणि पकडलं काही नाही, आणि तो ओळखीचा वास आला. मला एकदम हुरूप आला. पायऱ्या दोन दोन करून वर चढलो. मनात सगळं ठरलं होतं: म्हणेन, आप्पा, मी चुकलो, तुमचा काही संबंध नाही, ती मुळातच अशी आहे, मला एकट्याला जमत नाही, जरा खाली चला. बायको त्यांच्या खाटेशी चहाचा कप धरून उभी होती. ते पाठमोरे. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, ते वळले, आणि ऐकू जावं म्हणून मी कानाशी वाकून मोठ्यानं ओरडलो, ‘आप्पा! गाडी सुरू होत नाहीये!’

ते एकदम उठून बसले. पांघरूण छातीशी ओढून घेतलं. तोंडाचा रंग उडाला होता.

‘मी नाही हो,’ ते म्हणाले. ‘खरंच सांगतो. आज मी खाली गेलोसुद्धा नाही. विचारा हिला.’